वारशाभोवतीचे शंभर मीटर

पुण्यात शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरच्या आत ज्यांचे घर आहे, त्यांना ते पाडून नवे बांधता येत नाही. दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीनेच. भिंतींना टेकू लागले तरी जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाची वाट बंदच राहते.

हे निर्बंध १९९२ च्या अधिसूचनेने आले. तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर सवलती वाटण्याची पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बेकायदा ठरविली आणि २०१० च्या दुरुस्तीने शंभर मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढील दोनशे मीटरचे नियंत्रित क्षेत्र थेट कायद्यातच आले. ताजमहाल असो वा आडवाटेचा एखादा कोसमिनार, मोजपट्टी एकच! हा सरधोपटपणा सौम्य व्हावा म्हणून प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात असे उपविधी मोजक्याच स्मारकांचे झाले.

सरकारला या कायद्याचा जाच जाणवला तो स्वतःचे प्रकल्प अडल्यावर. सिकंदरा येथील अकबराच्या कबरीजवळचा उन्नत मार्ग, पाटणच्या 'रानी की वाव'लगतचा रेल्वेमार्ग आणि कोलकाता मेट्रो ही उदाहरणे पुढे करून केंद्राच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात मुभा देणारे विधेयक २०१७ मध्ये मांडले गेले. लोकसभेने ते २ जानेवारी २०१८ रोजी संमत केले. राज्यसभेत विरोध झाला व जुलैमध्ये ते प्रवर समितीकडे गेले. विरोधकांचे आक्षेप रास्तच होते. परंतु सवलत फक्त सरकारलाच का, वाड्यातल्या भाडेकरूला का नाही, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला. वास्तविक, पर्याय काढता येतो हे पुण्यातच दिसले: आगाखान पॅलेसजवळची अडचण टाळण्यासाठी मेट्रोचा मार्ग कल्याणीनगरकडून वळविण्यात आला. त्यालाही विरोध झाला, पण मेट्रो धावली. रहिवाशाला मात्र घर वळवून नेता येत नाही.

आणि इतके कडक कुंपण घालून राखले काय? 'कॅग'च्या २०१३ च्या अहवालात पाहणी केलेल्या १,६५५ पैकी ९२ स्मारके जागेवर आढळली नव्हती. त्यांतील काही पुढे सापडली. चोवीसांचा ठावठिकाणा लागत नसल्याचे २०२२ मध्ये संसदीय समितीला सांगण्यात आले. तेव्हा ३,६९३ पैकी जेमतेम २४८ स्मारकांवर पहारेकरी होते.