प्रत्येक दुखणं ‘टेन्शन’चं नसतं

२२ जुलै २०२१ रोजी तळीयेत दरड कोसळली. कोंडाळकरवाडी गाडली गेली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. मदतीसाठी महाडहून गेलेल्यांत मीही होते. नंतर आम्ही आसपासच्या गावांत ब्लडप्रेशर मोजत फिरलो. आकडा जास्त आला की सगळे म्हणायचे, ‘टेन्शन आहे.’ बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही होतं.

माझ्या आपाचं दुखणंही त्याच टेन्शनच्या खात्यावर गेलं. वय ३८. पाच-सहा महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक झाले. ब्लडप्रेशर वाढलं, मग साखर. पाळी थांबली, आवाज घोगरा झाला, हनुवटीवर राठ केस आले. केसांबद्दल ती कुणाशी बोलली नाही. ओढणी तोंडावर ओढून बसायची. घरात कुणी म्हणालं, नजर लागली. एका डॉक्टरांनी प्रेशरची गोळी दिली, दुसऱ्यांनी पाळीची. सगळ्या तक्रारी तिनं एकत्र सांगितल्या नाहीत आणि कुणी विचारल्याही नाहीत. शेवटी मुंबईत सीटी स्कॅन झाला. डाव्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कर्करोगाची गाठ होती.

या ग्रंथी दोन असतात, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. भीती वाटली, ताण आला की त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त सोडतात. ते पुरेसं झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आपला हुकूम मागे घेते. कर्करोगाची गाठ हा हुकूम मानत नाही. ती रात्रंदिवस कॉर्टिसॉल बनवत राहते. त्यातून चेहऱ्यावर गोलाई, ब्लडप्रेशर, साखर. सोबत पुरुषी हार्मोनं बनली तर बाईला दाढीसारखे केस येतात. क्वचित पुरुषाच्या गाठीत स्त्री-हार्मोन बनतं आणि त्याची छाती वाढते. हा कर्करोग दुर्मिळ आहे, वर्षाला दहा लाखांत एक-दोन जणांना होणारा. पण निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ हार्मोनं बनवते, म्हणजे ती स्वतःच आपला पत्ता सांगत असते.

केस वाढलेल्या प्रत्येक बाईला कर्करोग नसतो. पीसीओएस कितीतरी जणींना असतो, पण तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काही महिन्यांत सगळं बदललं तर थांबू नये. दुसरी गोष्ट आपल्या गावांतली. सांधेदुखी, दमा, अंगदुखीसाठी पुडीत बांधून मिळणाऱ्या गोळ्यांत स्टिरॉइड असलं तरीही चेहरा असाच सुजतो. म्हणून डॉक्टरांना आधी त्या पुड्या दाखवा, पण स्वतःच्या मनानं त्या एकदम बंद करू नका. स्टिरॉइड अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

पहिली तपासणी फार अवघड नाही. रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं. निरोगी माणसात ते खाली येतं, गाठ ते बनवत असेल तर येत नाही. एवढ्यासाठी महाड-पोलादपूरच्या बाईनं मुंबई का गाठावी? रक्ताचा नमुना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवता येईल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. पण आपाचा आजार ओळखला जाईपर्यंतच्या तपासण्या आम्ही पदरमोड करून केल्या. गरीब माणूस तिथंच परत फिरतो.

सरकारकडे मागणी करूच, पण लाज ही आपल्या घरातली गोष्ट आहे. गाठ पसरण्याआधी पूर्ण काढणं हीच बरं होण्याची सर्वांत मोठी आशा, आणि आपाचे महिने ओढणीआड गेले. तिची गाठ काढली आहे. दुसरी ग्रंथी इतके दिवस गाठीमुळे झोपलेली होती, म्हणून ती रोज हायड्रोकॉर्टिसोन घेते. पुढच्या तपासण्या चालू आहेत.

आता बचत गटाच्या बैठकीत मी ब्लडप्रेशर मोजते तेव्हा पाळीबद्दल आणि केसांबद्दलही विचारते. सुरुवातीला बायका हसतात. मग एखादी मागे थांबते, बाकीच्या गेल्या की बोलते. मशिदीतल्या बयानात, शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला, तर तिला असं मागे थांबावं लागणार नाही.