गोठलेली माती आणि पऱ्हाटीचा धूर

२० जून २०२० रोजी सायबेरियातील वर्खोयान्स्क या गावी पारा ३८ अंशांवर गेला. अकोल्यात मे महिन्यात ३८ अंश म्हणजे 'आज जरा बरं आहे' असा दिवस. पण वर्खोयान्स्क आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे हिवाळ्यात पारा उणे ५० च्याही खाली उतरतो. जागतिक हवामान संघटनेने तपासणी करून आर्क्टिकमधील आजवरचे सर्वाधिक तापमान म्हणून ही नोंद मान्य केली.

त्या भागातली जमीन कायम गोठलेली असते. हजारो वर्षांपूर्वीची झाडेझुडपे, मुळे, गवत तिच्यात न कुजता पडून आहे. त्यात साठलेला कर्ब सुमारे १४०० ते १६०० अब्ज टन, म्हणजे सध्या वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. उन्हाळ्यात लाइन गेली की फ्रीजमधले दूध नासते, कारण थंडीने निपचित पडलेले जिवाणू जागे होतात. तिथेही तेच चालले आहे. जमीन वितळते, जिवाणू कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाणी साचून हवा कोंडली तर मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे २८ पट अधिक उष्णता धरतो. त्याने तापमान आणखी वाढते आणि आणखी जमीन वितळते. तापाने रुग्णाच्या अंगातले पाणी कमी व्हावे आणि पाणी कमी झाल्याने ताप अधिक चढावा, तसे हे दुष्टचक्र आहे.

आमच्या पेशाला थेट भिडणारी घटना २०१६ ची. सायबेरियाच्या यमाल भागात कडक उन्हाळा पडला आणि १९४१ नंतर प्रथमच अँथ्रॅक्सची साथ आली. एक बारा वर्षांचा मुलगा दगावला, दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले. बर्फात पुरलेल्या जुन्या जनावरांमधले जंतू वितळलेल्या जमिनीतून वर आले, असे मानले जाते. मात्र रेनडियरचे लसीकरण २००७ मध्येच बंद केले होते, हेही विसरू नये. उन्हाने दार उघडले असेल, पण घराची राखण आपणच सोडली होती.

आता वऱ्हाडाकडे येऊ. आपली काळी कसदार माती काही गोठलेली नाही. तिच्यातला कर्ब मुळातच थोडा, आणि तो टिकणे कठीण. ओल आणि ऊब एकत्र आली की जिवाणू तो झपाट्याने खातात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तर अधिकच. जमीन आरोग्य पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' अशी एक ओळ असते. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी समजावा. मी तिला मातीचे हिमोग्लोबिन म्हणतो. कर्ब घटला की माती पाणी कमी धरते, पावसाने आठ दिवस दडी मारली की पीक माना टाकते, आणि त्याचे परिणाम पुढे आमच्या ओपीडीत रक्तक्षय, झोप उडणे, छातीत धडधड अशा नावांनी येतात.

अशा मातीला जे परत द्यायचे, ते आपण धुऱ्यावर जाळतो. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून ढीग पेटतात. त्या दिवसांत दम्याचे, जुन्या खोकल्याचे रुग्ण धापा टाकत येतात. त्यात चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या म्हाताऱ्या आया असतात. पऱ्हाटी बारीक करून कुजवली तरी तिच्यातला बराचसा कर्ब हवेत जातोच. पण काही भाग मातीत राहतो आणि धूर कोणाच्या छातीत जात नाही.

शेतकऱ्याला याबद्दल झापण्यात मात्र अर्थ नाही. गुलाबी बोंडअळी वाळल्या बोंडांत दडून राहते, म्हणून शेत लवकर मोकळे करा असे त्याला सांगितले जाते, आणि ते बरोबरच आहे. मजूर मिळत नाही, पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र भाड्याने आणायला पैसे लागतात आणि आगपेटी स्वस्त आहे. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, खारपाणपट्ट्यासह या भागासाठी हवामानाला तोंड देणारी शेती म्हणून पोकरा योजना आली. ज्ञान आणि योजना दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. धुऱ्यावर, फेब्रुवारीत, हवे त्या आठवड्यात यंत्र हवे आहे.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे उष्माघात कक्ष उघडतो. खाटा, बर्फ, सलाइन, सगळे लागते आणि ते असायलाच हवे. सायबेरियाची जमीन आपल्याला झाकता येणार नाही. पण जिल्ह्याच्या उष्णता आराखड्याच्या बैठकीला आरोग्य, महसूल यांच्याबरोबर कृषी खातेही बसावे आणि कापसाच्या प्रत्येक मोठ्या गावात हंगामात एक यंत्र नाममात्र भाड्याने फिरावे, ही मागणी डॉक्टरांनीही करायला हरकत नाही. ती बैठक एप्रिलमध्ये, ढीग जळून गेल्यावर नको. दिवाळीनंतर लगेच घ्या.