वेग सांगता, मग विलंबही सांगा

संध्याकाळी व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ चा सामना ऐन रंगात येतो आणि खेळ अडखळू लागतो. समोरचा खेळाडू दिसायच्या आत गोळी लागलेली असते, मग कनेक्शनच तुटते. तक्रार केली की कस्टमर केअरचे उत्तर ठरलेले : राऊटर बंद करून चालू करा, स्पीड टेस्ट घ्या. टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसले की ग्राहकाची बोळवण होते. दुखणे मात्र बहुतेकदा वेगाचे नसतेच. ते विलंबाचे असते, आणि इंटरनेट कंपन्यांना हा विलंब मोजून ग्राहकाला दाखवणे सक्तीचे केल्याशिवाय ते बरे होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

स्टीमवरून नवा खेळ डाऊनलोड करायला वेग लागतो हे खरे, पण प्रत्यक्ष सामन्याला लागणारा डेटा व्हिडिओ पाहण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. तिथे महत्त्व वेळेला. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, तर काउंटर-स्ट्राइक २ चा ६४ वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतो, म्हणजे दोन नोंदींत साधारण ८ ते १६ मिलिसेकंदांचे अंतर. म्हणून माहिती जाऊन परत यायला किती वेळ लागतो (पिंग), तो किती खालीवर होतो (जिटर) आणि वाटेत किती पाकिटे गळतात (पॅकेट लॉस) यावर सगळे अवलंबून असते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन निदान ३९ मिलिसेकंद लागणारच. १०० चा प्लॅन ३०० चा केला तरी त्यातला एकही कमी होत नाही. या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या खेळाडूला खरे तर काळजी नको. पण पुरवठादाराने देशांतर्गत जोडणी नीट घेतलेली नसेल, तर तीच माहिती परदेशातून वळसा घालून येते. असा वळसा पडू नये म्हणूनच २००३ मध्ये निक्सी ही इंटरनेट एक्स्चेंज चालवणारी संस्था उभी राहिली. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीने तर अशा वळशांना कंटाळून ‘रायट डायरेक्ट’ हे स्वतःचे जाळे उभारले. खेळ बनवणाऱ्यालाच स्वतःचा रस्ता बांधावा लागत असेल, तर सगळे खापर घरच्या राऊटरवर फोडणे न्यायाचे नाही.

यावर पुरवठादार म्हणतात की अनेक तक्रारी घरातल्या वायफायच्याच असतात. घरात दोष असतो हे मला मान्य आहे, पण तो वेगळा काढता येतो. संगणक लॅन केबलने जोडावा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा द्यावी आणि पुढे सर्व्हरचा पत्ता लिहावा. पहिली ओळ आपल्या राऊटरची. तिथे एक-दोन मिलिसेकंद यायला हवेत. केबलवर ते येतात आणि वायफायवर तीस-चाळीस होतात, तर दोष घरात आहे. सोसायटीतले सगळे राऊटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच दोन-तीन चॅनेलवर गर्दी करतात, त्याचा हा परिणाम. घरात कोणी फोटोंचा बॅकअप लावला की पिंग चढत असेल, तर राऊटरमध्ये रांग तुंबते आहे. पण पहिली ओळ स्वच्छ असून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून आकडा वाढतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत टिकतो, आणि सकाळी अकराला ठीक असलेली हीच ओळ रात्री नऊला बिघडते, तर लाइन पुरवठादाराकडेच तुंबली आहे. (मधल्या एखाद्याच ओळीत चांदण्या किंवा मोठा आकडा दिसला तर तो पुरावा धरू नये, तिथली यंत्रे अशा चौकशीला सावकाश उत्तर देतात.) कधी दोष घरातही नसतो आणि पुरवठादाराकडेही नसतो : स्टीमची नेहमीची देखभाल अमेरिकेतल्या मंगळवारी असते, तेव्हा लॉगिन गेले तर थोडे थांबावे एवढेच.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडल्याने अनेक पुरवठादार एकच पत्ता कित्येक घरांत वाटतात. राऊटरच्या पानावर वॅन पत्ता (पुरवठादाराने राऊटरला दिलेला) १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर तुम्ही अशा वाटणीत आहात. मग मित्रांसाठी घरून सामना होस्ट करायला पोर्ट कितीही उघडले तरी उपयोग होत नाही, आणि मुले रात्र-रात्र सेटिंग बदलत बसतात.

‘खेळासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती आणि भारताच्या २०२५ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला किंवा नोकरीची ऑनलाइन मुलाखत पिंग, जिटर आणि पॅकेट लॉस याच तीन मापांवर तुटते. खेळाडूला ते आधी जाणवते, इतकेच. ‘आमच्या जाळ्यापलीकडे आमचे नियंत्रण नाही,’ हेही अर्धेच खरे आहे, कारण कोणाशी कुठे जोडून घ्यायचे हे पुरवठादारच ठरवतो. नियम नाहीत असेही नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २००६ च्या नियमांत देशांतर्गत विलंबाला १२० मिलिसेकंदांची आणि पाकीटगळतीला एक टक्क्याची मर्यादा होती, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे गुणवत्ता नियम लागू झाले. पण विभागभराच्या सरासरीतून तुमच्या गल्लीतली रात्री नऊची अवस्था कळत नाही.

म्हणून ट्रायने प्रत्येक प्लॅनच्या जाहिरातीत वेगाशेजारी तीन गोष्टी छापायला लावाव्यात : मुंबई आणि चेन्नईच्या एक्स्चेंजपर्यंतचा रात्रीचा विलंब, पाकीटगळती, आणि पत्ता स्वतंत्र की वाटणीतला. तोवर वाचकांनी तक्रार नोंदवताना दोन वेगवेगळ्या वेळांचे ट्रेसर्ट जोडावे, डॉकेट क्रमांक मागून घ्यावा, आणि ‘राऊटर बंद-चालू करा’ एवढ्यावर ती बंद केली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्रायच्याच २०१२ च्या नियमांनी तो हक्क ग्राहकाला दिलेला आहे.