पोटावर स्टोमाची पिशवी. स्थळाला सांगायचं कधी?

अकोले तालुक्यात डेटिंग म्हणजे बहुधा कांदेपोहेच. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरच्या छिद्रातून (स्टोमा) मल पिशवीत येत असेल, तर समोरच्याला सांगायचं कधी? पहिल्याच भेटीत नको, पण साखरपुड्याआधी नक्की. आणि स्वतः, मध्यस्थामार्फत नव्हे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार महत्त्वाची बाब लपवून फसवणूक झाल्यास, ती कळल्यापासून वर्षभरात विवाह रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. (अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू नाही, सांगण्याची गरज तीच.)

घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: संसार होईल का? पिशवी रिकामी करून शरीरसंबंध ठेवता येतो, अनेक स्त्रियांना मुलंही होतात. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत नसांना धक्का लागला असल्यास मात्र पुरुषांना अडचण येऊ शकते. ते सर्जनला विचारूनच बोलणी पुढे न्यावीत.