मथळ्याच्या पुढची बातमी

मराठीच्या तासाला मी मुलांना जुने मथळे द्यायचे. भाईंदरच्या नवघर रोडवरच्या रद्दीवाल्याकडे कधीकधी ट्रंकेत अंथरलेली, कडा खाल्लेली पानं यायची. ती तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. मथळा तेवढा कापून मी फळ्यावर चिकटवायचे आणि खालची बातमी माझ्या पिशवीत राहायची. मुलांनी एवढंच लिहायचं : पुढे काय झालं असेल? निबंध म्हटलं की जांभया देणारा वर्ग त्या तासाला घंटा झाली तरी पेन खाली ठेवायचा नाही. त्या वह्यांतली बरीच पानं मी जपून ठेवली आहेत. निवृत्तीनंतर ती पुन्हा वाचली आणि एक मागणं मनात पक्कं झालं. आपल्या जुन्या मथळ्यांचं पुढे काय झालं, हे वर्तमानपत्रांनी वाचकांना नेमाने सांगितलं पाहिजे.

सगळ्यात रंगला तो स्कायलॅबचा तास. अमेरिकेची ही 77 टनांची अंतराळ प्रयोगशाळा 1979च्या जुलैत खाली येणार होती आणि कुठे कोसळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एका मुलाचे वडील स्टीलच्या पट्टीच्या कारखान्यात रोलिंगवर होते. त्याने ती थेट भाईंदरच्या मिठागरात पाडली. शेठने ट्रक पाठवला, पत्रा रोलिंगला घातला आणि दिवाळीपर्यंत घरोघरी स्कायलॅबची ताटं-वाट्या पोचल्या. अमेरिकेचा माणूस सामान परत मागायला आला, तेव्हा आजीने त्याला त्याच ताटलीत पोहे वाढले! उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीने ती समुद्रात पाडली. तिच्या मामाचं डोल जाळं फाटलं आणि मामा भरपाई मागायला ‘नासा’त जाऊन बसला.

खरी बातमी मी पिशवीतून काढली, तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला. 11 जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला 400 डॉलरचा दंड ठोठावला. म्हणजे उत्तनचा मामा फारसा चुकला नव्हता. चारच दिवसांनी, 15 जुलैला, मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या देशात पडलं ते दिल्लीतलं सरकार.

त्याच वर्षी 22 मार्चला लोकसभेत जयप्रकाश नारायण यांना श्रद्धांजली वाहिली गेली, आणि जयप्रकाश मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते. एका मुलीने लिहिलं, ‘त्यांनी पडल्या पडल्या सगळी भाषणं ऐकली आणि कोण मनापासून बोललं, कोण नाही, याची यादी केली.’ ते गेले 8 ऑक्टोबरला. ती चूक त्याच दिवशी सुधारली गेली, कारण विचारणारे लोक रुग्णालयाच्या दाराशीच उभे होते.

1962च्या फेब्रुवारीतल्या अष्टग्रहीचा मथळाही मी एकदा दिला. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, जगबुडीच्या भीतीने जागोजागी होमहवनं झाली. आणि दोनच आठवड्यांनी सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान होतं. सातवीतल्या एका मुलाने लिहिलं, ‘उमेदवारांनी वाट्टेल ते कबूल केलं, कारण ते पुरं करायची वेळच येणार नव्हती.’ सातवीतल्या पोराला जे दिसलं, ते आपल्याला शहराच्या पानावर दिसायला हवं.

आमच्या मीरा-भाईंदरचंच घ्या. इथले मथळेही मी वर्गात द्यायचे. सूर्या प्रकल्पाचं 403 दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं 218 दशलक्ष लिटर रोज आमच्या शहराला. हा आकडा इथल्या वाचकाने इतक्यांदा वाचलाय की तो पाठ आहे. एका मुलाच्या वहीत हे पाणी येतं आणि रिकामा बसलेला टँकरवाला टँकरमध्ये मासे पाळतो. मेट्रो 9चं काम 2019मध्ये मार्गी लागलं, तेव्हा सहावीतल्या एकाने लिहिलं, ‘पप्पा विरार लोकलला न लटकता लवकर घरी आले आणि गृहपाठ तपासू लागले. देवा, मेट्रो जरा उशिरा येऊ दे.’ 2025च्या मे महिन्यात काशीगावपर्यंत मेट्रोची चाचणी झाली, तोवर त्याची अकरावी उरकली होती. देवाने ऐकलं त्याचं, पण त्याच्या पप्पांची तेवढी वर्षं लोकलच्या दारातच गेली.

चांगल्या शेवटाचीही नोंद हवी. वसई-भाईंदर रो-रो बोटीच्या मथळ्यावर एकीने लिहिलं होतं, ‘आम्ही रोज मावशीकडे जेवायला जाऊ लागलो, शेवटी मावशीनेच बोट बंद करायचा अर्ज दिला.’ 2024च्या फेब्रुवारीत ती फेरी खरोखर सुरू झाली. रस्त्याने अडतीसएक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून मात्र पाव तासाचा प्रवास. हेही ठळक अक्षरांत सांगायला हवं, की हे म्हटलं होतं आणि हे झालं.

मथळ्याची जबाबदारी कशी असते, हे मराठी पत्रकारितेला शिकवावं लागत नाही. 1908 साली ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी सहा दिवस संप केला. हे मथळे दिले, तेव्हा एकाही मुलाची कल्पना तिथवर पोचली नाही. तिथे मथळा छापणारा माणूस त्याच्या परिणामापर्यंत चालत गेला होता. आज मंजुरी, भूमिपूजन, पाहणी आणि चाचणी असे एकाच कामाचे चार मथळे होतात. काम अडलं तर मात्र का अडलं, हे आतल्या पानावरच्या चार ओळींत शोधावं लागतं.

आमच्यासारख्या शहरात याची गरज जास्त आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत 5 लाख 20 हजार होती, 2011मध्ये ती 8 लाख 9 हजारांवर गेली. दहा वर्षांत वाढलेल्या जवळपास तीन लाखांतल्या बहुतेकांनी आधीचे मथळे वाचलेलेच नाहीत. घर घेताना ते ताज्या मथळ्यावर विश्वास ठेवतात आणि कर्जाचे हप्ते सुरू करतात. शहराची आठवण राखण्याचं काम त्यांच्यासाठी वर्तमानपत्रानेच करायला हवं.

रविवारी पाव पान पुरे. वर जुना मथळा तारखेसह छापावा. खाली ‘झालं’, ‘अर्धं झालं’ किंवा ‘झालं नाही’ यातलं एक, आणि त्याचं कारण दोन ओळींत. अधिकाऱ्यांना विचारावं, मिळालेलं उत्तर छापावं, उत्तर नाही मिळालं तर तेही छापावं. शाळांनी मुलांना वाचनालयात जुन्या फायली चाळायला पाठवावं. पुढे काय झालं असेल, हे आमची मुलं झकास लिहितील. काय झालं, ते संपादकांनी लिहावं, आणि सुरुवात सूर्याच्या पाण्यापासून करावी.