ग्रंथांची पेटी आपल्या मोहल्ल्यातही हवी

नाशिकच्या गंगापूर रोडवर कुसुमाग्रज स्मारक आहे. तिथल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 2009 मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू झाला. पद्धत साधी. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. या पेट्या थेट दुबईपर्यंत पोचल्या.

आपल्या समाजाने यातून शिकायला हवं. जुन्या नाशकातल्या आपल्या मुलींना, घरातल्या बायकांना वाचायचं असतं. पण गंगापूर रोडला जायचं तर रिक्षाचं भाडं, वेळ आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही लागतं. पुस्तकच गल्लीत आलं तर? औरंगाबादेत 2021 पासून मोहल्ला बाल ग्रंथालयांनी हेच करून दाखवलंय.

कुरआनचा सर्वांत आधी नाजिल झालेला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. जलशात आपण तो अभिमानाने सांगतो. मोहल्ल्यात मात्र वाचायला जागा नसते. मशीद कमिटीने एक कपाट, मराठी-उर्दू पुस्तकं आणि नोंदवही सांभाळणारी दोन मुलं एवढं जरी दिलं तरी सुरुवात होईल. 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, सरकारकडे हक्काने मागूच. पण तोवर हाताची घडी घालून का बसायचं?