घरपट्टीला शास्ती, घरकुलाला प्रतीक्षा

महानगरपालिका कायद्यानुसार मालमत्ता कर मुदतीत न भरणाऱ्यावर दरमहा दोन टक्के शास्ती बसते. वर्षाला चोवीस टक्के! नांदेड-वाघाळा असो वा लातूर, कायदा एकच. पाच हजारांची घरपट्टी वर्षभर थकली की तीवर बाराशे रुपये चढतात. घरात आजारपण निघाले, मालकाने पगार थकवला, यांपैकी कोणतीही सबब वसुली विभागाच्या वहीत बसत नाही.

त्याच कार्यालयात घरकुलाचेही खाते आहे. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या शहरी गरिबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळावयाचे असतात. मंजुरी मिळताच तो पत्र्याची खोली मोडतो, भाड्याने राहू लागतो, पाया भरतो, छायाचित्र देतो. पुढचा हप्ता येत नाही. सिमेंटचा दुकानदार आणि घरमालक मात्र थांबत नाहीत, म्हणून सावकाराचा उंबरा गाठावा लागतो. हप्ते रखडण्याची ही तक्रार मराठवाड्यातील शहरांना नवी नाही. हप्ता अखेर येतो तेव्हा त्यात उशिराचा एक पैसाही नसतो. महानगरपालिकेचाच दर लावला तर लाखाच्या हप्त्यास सहा महिने उशीर म्हणजे बारा हजार रुपये झाले. हे बारा हजार कोणाच्या खिशातून गेले?

अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: वरून निधी आला नाही. त्यात तथ्य असेलही. पण ज्याचा पगार वरून आला नाही, त्या करदात्याचे हेच उत्तर महानगरपालिका स्वीकारते काय? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतील गावे जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने नव्याने वसविली गेली. त्या बँकेला ‘निधी आला नाही’ असे सांगून व्याज थकविण्याची छाती कोणत्या सरकारला झाली असती? सबब चालते ती दुबळ्यापुढेच.

मागील देणे व्याजासह देणे ही कल्पना सरकारला अपरिचित आहे, असेही नाही. प्राप्तिकराचा परतावा लांबला तर करदात्यास दरमहा अर्धा टक्का व्याज कायद्यानेच मिळते. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद करण्यात आली; ती किती मजुरांच्या हाती पडली, हा स्वतंत्र लेखाचा विषय. तत्त्व मान्य झाले होते, एवढे येथे पुरे. मग घरकुलाचा लाभार्थीच त्यातून का वगळावा? अनुदान ही मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानीला मुदत नसते, ही सरंजामी समजूत त्यामागे आहे.

घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र दिल्यावर कार्यकर्त्यांनी लाभार्थ्यास तारखेची पोच मिळवून द्यावी. ती नाकारली गेल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. किती दिवस उशीर झाला आणि दोन टक्क्यांनी त्याचे किती रुपये होतात, याचा हिशेब प्रत्येक वस्तीत कागदावर मांडावा. हा हिशेब सभागृहापुढे ठेवून तेवढी रक्कम लाभार्थ्याच्या घरपट्टीतून वळती करावी, आणि त्यासाठी राज्य शासनाने कायद्यात दुरुस्ती करावी, असा ठराव नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी मागावा. विरोधात हात वर करणाऱ्या नगरसेवकांची नावे त्याच वस्तीत जाहीर वाचून दाखवावीत.